डॉक्टर विल्यम केरी आणि श्रीरामपूरची बाग

आपल्या मंडळ्यांत विल्यम केरी हें नांव ऐकिलें नाहीं असें ख्रिस्ती घर विरळाच. जोडे शिवतां शिवतां जगाचा नकाशा पाहणारा कारागीर, पुढें हिंदुस्थानांत येऊन अनेक भाषांत पवित्र शास्त्राचीं भाषांतरें करणारा पंडित, सतीची चाल बंद व्हावी म्हणून झटणारा मिशनरी, एवढें त्यांचें चरित्र रविवारच्या शाळेंतील मुलेंहि सांगतील. परंतु ह्याच पुरुषानें आयुष्यभर एका बागेची जिवापाड जोपासना केली, बंगालच्या शेतकऱ्याच्या स्थितीवर लेख लिहिला, आणि शेती सुधारण्यासाठीं संस्था स्थापिली, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ज्यांस ठाऊक असतें तेहि तो फावल्या वेळचा छंद समजतात.

हल्लीं पाऊस वेळेवर येत नाहीं, आला तर एकाच दिवशीं सारें वाहून नेतो, आणि उन्हाळा पूर्वींपेक्षां कडक झाला आहे, असें गांवोगांवीं ऐकूं येतें. शास्त्रज्ञ ह्याला हवामानबदल म्हणतात. ख्रिस्ती मंडळीचा ह्याच्याशीं काय संबंध, असें कोणी विचारिलें तर केरीसाहेबांचें चरित्र त्याला चांगलें उत्तर देतें. म्हणून तेंच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

बालपण.— विल्यम केरी ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत झाला. त्यांचे वडील एडमंड हे विणकर होते. पुढें ते गांवच्या शाळेचे शिक्षक झाले. चुलते पीटर हे कॅनडा देशांत शिपाईगिरी करून परत आले होते व माळीकाम करीत असत. ह्या चुलत्यापासून मुलास झाडांची गोडी लागली. त्याच्या निजावयाच्या खोलींत किडे, पांखरें व रानांतून आणलेलीं रोपें ह्यांची दाटी असे. विल्यम शेतमजूर व्हावयाचा, परंतु उन्हांत काम केलें म्हणजे त्याच्या अंगाची कातडी पोळून निघे. म्हणून बापानें त्याला पिडिंग्टन येथें जोडे शिवण्याच्या धंद्यास लाविलें. ऊन सोसवत नाहीं म्हणून शेत सोडावें लागलेला हा मुलगा पुढें बंगालच्या उन्हांत बाग करणार होता.

तेथेंच त्यांचें मन प्रभूकडे वळलें. १७८३ सालीं नेन नदींत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें मोल्टन व लेस्टर येथील मंडळ्यांचे ते पाळक झाले. पगार तुटपुंजा असल्यामुळें जोडे शिवणें व शाळा चालविणें हींहि कामें करावीं लागत. त्यांतच त्यांनीं लॅटिन, ग्रीक व इब्री ह्या भाषा शिकून घेतल्या. २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग गांवीं थोड्या पाळकांनीं मिळून मिशनरी संस्था काढिली, आणि पुढच्याच वर्षीं केरी कुटुंबासह हिंदुस्थानास निघाले. ११ नोव्हेंबर १७९३ रोजीं ते कलकत्त्यास पोंचले.

सुंदरबन व मदनाबाटी.— आल्यावर थोड्याच दिवसांत जवळचा पैसा संपला. १७९४ च्या आरंभीं केरी बायकामुलांस घेऊन सुंदरबनाच्या बाजूस देबहट्टा येथें गेले. तेथें जंगल तोडून जमीन लागवडीस आणावी व तिच्यावर पोट भरून शुभवर्तमान सांगावें, असा त्यांचा विचार होता. वाघांच्या रानांत नवें शेत काढणें हें त्या काळीं सर्वांसच चांगलें काम वाटे. आज तो मुलूख बांगलादेशाच्या सातखीरा जिल्ह्यांत मोडतो. २००९ सालचें ऐला व २०२० सालचें अम्फान ह्या चक्रीवादळांनीं त्याची दैना केली. समुद्राची लाट व वारा अडविणारी खारफुटीची झाडी जेथें राहिली आहे तेथें तीच गांवांची भिंत होते, हें आज सर्वांस कळलें आहे. केरीसाहेबांस तें कळण्याचें साधन नव्हतें; आपल्याजवळ आहे.

कांहीं महिन्यांतच त्यांस मालदा प्रांतांत मदनाबाटी येथें नीळीच्या कारखान्यावर देखरेखीचें काम मिळालें. तेथें ते पांच वर्षें राहिले. तीं वर्षें फार कष्टाचीं गेलीं. पांच वर्षांचा मुलगा पीटर तापानें वारला. त्यांची पत्नी डोरोथी ह्यांच्या मनावर ह्या सर्व दुःखांचा असा आघात झाला कीं त्यांची बुद्धि भ्रमिष्ट झाली, ती १८०७ सालीं त्यांच्या मरणापर्यंत सांवरली नाहीं. पुरानें नीळीचें पीक बुडालें व शेवटीं कारखाना बंद करावा लागला. ह्याच नीळीच्या धंद्यानें पुढें बंगालच्या रयतेस इतकें पिडलें कीं १८५९ सालीं रयत उठली, ही गोष्टहि येथें लपविण्याचें कारण नाहीं.

परंतु ह्याच पांच वर्षांत केरीसाहेबांनीं शेतकऱ्याचें घर आंतून पाहिलें. नांगर किती उथळ चालतो, बियाणें कसें हलकें पडतें, पूर आला म्हणजे कुणब्याच्या हातीं काय उरतें, हें त्यांनीं नीट न्याहाळलें. मदनाबाटीहून त्यांनीं इंग्लंडांतील मित्रांस पत्रें लिहून दरवर्षीं भाज्यांचें, फळांचें व फुलांचें बीं आणि विळ्याकोयत्यांसारखीं शेतीचीं अवजारें पाठविण्यास विनविलें. ज्या पत्रांत ते शास्त्राच्या भाषांतराची प्रगति कळवीत त्याच पत्रांत ते बियांची याद देत. एक धर्माचें काम व दुसरें संसाराचें, अशी वांटणी त्यांनीं केली नाहीं. पुढें दिनाजपूर जिल्ह्यांतील शेतीच्या स्थितीवर त्यांनीं लिहिलेला निबंध एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या दहाव्या खंडांत छापला गेला.

श्रीरामपूर.— १० जानेवारी १८०० रोजीं केरी हुगळी नदीच्या कांठीं श्रीरामपूर येथें राहावयास आले. हें श्रीरामपूर बंगालचें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर निराळें. तेथें त्या वेळीं डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. मार्शमन व वॉर्ड ह्या दोघां बंधूंसह त्यांनीं तेथें मंडळी, शाळा व छापखाना उभारिला. १८०१ सालीं बंगाली नवा करार छापून निघाला, आणि त्याच सालीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत केरींस शिक्षकाची जागा मिळाली. तेथें ते बंगाली व संस्कृत ह्यांबरोबर आपली मराठीहि शिकवीत. १८०५ सालीं त्यांचें मराठी व्याकरण व १८१० सालीं मराठी कोश प्रसिद्ध झाला. वैजनाथ पंडित ह्यांचें साहाय्य त्यांस मिळालें. मराठी नवा करारहि श्रीरामपुरासच प्रथम छापला गेला. महाराष्ट्रांत ज्यांनीं कधीं पाऊल ठेविलें नाहीं अशा ह्या पुरुषाचें आपणांवर एवढें ऋण आहे.

ह्या घराशेजारीं केरीसाहेबांनीं सुमारें पांच एकरांची बाग केली. लिनियस नांवाच्या विद्वानानें घालून दिलेल्या पद्धतीनें त्यांनीं झाडें कुळावार लाविलीं व माळ्यांस त्यांचीं शास्त्रीय नांवें शिकविलीं. महोगनीसारखीं इमारती लाकडाचीं झाडेंहि तेथें होतीं. रोज सकाळीं कामास लागण्यापूर्वीं ते बागेंत जात. तेंच त्यांच्या एकांत प्रार्थनेचें ठिकाण होतें. एकदां इंग्लंडाहून आलेली बियांची पिशवी त्यांनीं एका सांवलीच्या जागीं झटकली. थोड्या दिवसांनीं तेथें इंग्लंडच्या कुरणांत उगवणारें डेझीचें इवलेंसें फूल उगवलें. परमुलखांत आपल्या गांवचें फूल पाहून त्यांस फार आनंद झाला, आणि पुढें कित्येक वर्षें त्यांनीं त्याचें बीं जपून तें फूल राखिलें.

कलकत्त्याजवळ शिवपूर येथील सरकारी वनस्पति-उद्यानाचे मुख्य डॉक्टर रॉक्सबर्ग हे त्यांचे मित्र होते. रॉक्सबर्ग हिंदुस्थान सोडून गेल्यावर त्यांचीं वनस्पतिशास्त्रावरील पुस्तकें केरीसाहेबांनींच तपासून श्रीरामपूरच्या छापखान्यांत छापलीं. रॉक्सबर्ग ह्यांनीं एका वृक्षाच्या कुळास आपल्या मित्राचें नांव दिलें, तें शास्त्रांत केरिया असें चालतें. त्या कुळांतील मोठें झाड म्हणजे आपल्या रानांतील कुंभा होय. सह्याद्रींत राहणाऱ्या वाचकांनीं तो पाहिलाच असेल. त्याचीं पानें गळण्यापूर्वीं तांबूस होतात, फुलांस केसरांचे मोठे झुबके येतात, आणि त्याची जाड साल वणव्यांतहि झाडाचा जीव राखते. केरीसाहेबांचें हें स्मारक आपल्या डोंगरांत उभें आहे.

१८२० साल.— हें साल ह्या चरित्रांत दोन कारणांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. श्रीरामपूरच्या छापखान्यास कागद फार लागे. देशी कागद किडे खात, म्हणून मिशननें स्वतःची कागदाची गिरणी काढिली. ती प्रथम माणसांनीं पायांनीं चालवावयाच्या चक्रावर चाले. मार्च १८२० मध्यें तिच्यासाठीं इंग्लंडाहून आणलेलें बारा घोड्यांच्या शक्तीचें वाफेचें यंत्र सुरू झालें. ह्या देशांत आलेल्या अगदीं पहिल्या वाफेच्या यंत्रांत त्याची गणना होते. माणसांचे कष्ट वांचले, आणि देवाचें वचन टिकाऊ कागदावर छापलें गेलें. ह्यांत दोष कोणाला द्यावा?

तरी आज मागें वळून पाहतां दिसतें तें हें. त्या काळीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारें २८० भाग असत. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हें एका यंत्राचें काम नव्हे. त्याच्यामागून आलेल्या लक्षावधि भट्ट्या, आगगाड्या, मोटारी व विजेचे कारखाने ह्यांनीं दोनशें वर्षें कोळसा व खनिज तेल जाळलें, त्याचा हा परिणाम आहे. हा वायु पृथ्वीभोंवतीं घोंगडीसारखा बसतो. सूर्याची ऊब आंत येते, पण बाहेर जाऊं पाहणारी ऊब अडकून राहते. त्यामुळें पृथ्वीची सरासरी उष्णता एका अंशाहून अधिक वाढली आहे. समुद्र तापतो, हवेंत वाफ अधिक सांठते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हां फार कोसळतो. आणि उघडीप पडली म्हणजे जमीन पूर्वींपेक्षां लवकर सुकते. चांगल्या हेतूनें केलेल्या कामाचाहि हिशेब पुढच्या पिढीस चुकवावा लागतो, हें आपण नम्रपणें मान्य केलें पाहिजे. ज्यांनीं थोडें जाळलें त्यांच्याच शेतांवर हा हिशेब आधीं येतो, हा त्यांतील मोठा अन्याय होय.

त्याच सालीं, १४ सप्टेंबर १८२० रोजीं, केरीसाहेबांच्या खटपटीनें कलकत्त्यास हिंदुस्थानची कृषि व उद्यान संस्था स्थापन झाली. चांगलें बीं मिळवावें, नवीं फळें व धान्यें लावून पाहावीं, गुराढोरांची निपज सुधारावी, पडीक जमीन कामास आणावी, असे तिचे हेतु होते. ह्या संस्थेंत हिंदी गृहस्थांस युरोपियनांच्या बरोबरीनें सभासद होतां यावें अशी केरीसाहेबांची प्रथमपासून इच्छा होती. जी भूमि सर्वांची आहे तिची काळजी एकट्या ख्रिस्ती लोकांनीं घेऊन भागणार नाहीं, हें त्यांस पुरतें कळलें होतें. १८२४ सालीं ते ह्या संस्थेचे अध्यक्ष झाले. ती संस्था कोलकात्यांत अलिपूर येथें अद्याप चालू आहे.

आग व पूर.— केरीसाहेबांच्या आयुष्यांत दोन मोठे नाश झाले. ११ मार्च १८१२ रोजीं रात्रीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागून कागद, टंक व कित्येक वर्षें खपून लिहिलेलीं भाषांतरांचीं हस्तलिखितें जळून गेलीं. त्यांनीं डोळे पुसले व पुनः पहिल्यापासून लिहावयास घेतलें. दुसरा नाश ऑक्टोबर १८२३ मधला. कलकत्त्याहून परत येतांना होडींतून उतरत असतां ते पडले व मांडीस जबर दुखापत झाली. ते अंथरुणावर पडून असतांनाच दामोदर नदीचे बांध फुटले, आणि पुराचें पाणी श्रीरामपुरांत शिरलें. त्यांची बाग पाण्याखालीं गेली. नदीनें कांठ कोरल्यामुळें त्यांस राहतें घरहि सोडावें लागलें. वीस वर्षांहून अधिक काळ जोपासलेलीं रोपें चिखलांत पुरलीं गेलीं. त्या वेळीं त्यांचें वय बासष्ट वर्षांचें होतें, आणि त्यांस नीट चालतांहि येत नव्हतें. तरी बरें वाटूं लागतांच त्यांनीं पुनः बीं मागविलें, वाफे आंखले, आणि बाग उभी करावयास लागले.

अंत.— शेवटच्या दिवसांत चालवेनासें झालें तेव्हां चाकांच्या फळीवर खुर्ची ठेवून त्यांस बागेंत फिरवून आणीत. तेंहि होईनासें झालें तेव्हां मुख्य माळी रोज खोलींत येऊन कोणतें रोप कसें आहे तें सांगे. आपण गेल्यावर मार्शमन बागेंत गाई सोडतील अशी धास्ती त्यांस वाटे व ती ते बोलूनहि दाखवीत. मार्शमन ह्यांनीं त्यांस बागेच्या रक्षणाचें आश्वासन दिलें. ९ जून १८३४ रोजीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, केरीसाहेब प्रभूजवळ गेले.

ह्या चरित्रापासून बोध.— उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत मनुष्यास मिळालेलें पहिलें काम बागेचें आहे. तें काम पापानंतरहि रद्द झालें नाहीं. मात्र त्यांत घाम मिसळला. केरीसाहेबांनीं शास्त्राचें भाषांतर व बाग हीं दोन्हीं कामें एकाच धन्याचीं म्हणून केलीं. म्हणून भूमीची काळजी हा मंडळीच्या कामाला जोडलेला शेंपटाचा भाग नाहीं. ती आज्ञापालनाचा भाग आहे.

मग खेड्यांतील मंडळीनें करावें तरी काय? केरीसाहेबांची बाग पांच एकरांची होती; आपल्या मंदिराचें आवार, शाळेचें पटांगण व कबरस्थान मिळून कांहीं गुंठे तरी जमीन बहुतेक मंडळ्यांजवळ असते. तेथून आरंभ करावा. पावसाळ्यापूर्वीं रानांतून कुंभा, करंज, कडुनिंब, जांभूळ, चिंच ह्यांचें बीं गोळा करून मुलांकडून रोपें तयार करवावीं. झाड आपल्या मातींतलें असावें. घाणेरी शोभेसाठीं परदेशांतून आली आणि आज रानेंच्या रानें व्यापून बसली आहे, हें विसरूं नये. झाड लावण्याचा समारंभ एका दिवसाचा, परंतु त्यास पाणी घालण्याचें काम निदान तीन उन्हाळ्यांचें असतें. केरीसाहेबांस गाईंची धास्ती वाटे ती वेडगळ नव्हती. कुंपण व राखण नसेल तर लावलेलें झाड जगत नाहीं. म्हणून एकेका कुटुंबानें एकेक झाड अंगावर घ्यावें.

दुसरें, केरीसाहेबांनीं पाहिलें व लिहून ठेविलें. मंडळीच्या वहींत बाप्तिस्मे व लग्नें नोंदतात, तसें पाऊस कोणत्या दिवशीं व किती पडला, विहिरीचें पाणी मार्गशीर्षांत किती हात खालीं गेलें, हेंहि एखाद्या तरुणानें नोंदावें. चार वर्षांची अशी वही गांवास पेरणीच्या व पाण्याच्या कामीं उपयोगी पडेल.

तिसरें, केरीसाहेबांनीं शेजाऱ्यांस बरोबर घेतलें. ओढ्याचा बांध, डोंगराचे चर, गांवतळ्याचा गाळ ह्या कामांत ख्रिस्ती व हिंदु, मुसलमान व बौद्ध असा भेद पाणी पाहत नाहीं. आपणहि पाहूं नये. देशी बियाणें घरोघर राखून एकमेकांस द्यावें.

चवथें, जाळणें कमी करावें. उसाचें पाचट व झाडांचा पालापाचोळा पेटवून न देतां मातींत मुरूं द्यावा, म्हणजे जमिनींत ओलावा टिकतो. नव्या मंदिराचें छप्पर घालतांना सूर्यापासून वीज करण्याच्या पट्ट्यांचा विचार करावा. केवळ झाडें लावून कोळशाचा हिशेब फिटत नाहीं, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. सतीच्या चालीविरुद्ध केरीसाहेबांनीं वर्षानुवर्षें सरकारापाशीं दाद मागितली व १८२९ सालीं तिची मनाई झाल्यावर त्या कायद्याचें बंगाली भाषांतर तांतडीनें करून दिलें. त्याच धैर्यानें आपल्या मंडळ्यांनीं ग्रामसभेंत व सरकारदरबारीं वनाची तोड, नदींत सोडलेलें घाण पाणी व हवेंत सोडलेला धूर ह्यांविरुद्ध विनयानें पण न थकतां बोलावें.

एखाद्या वर्षीं लावलेलीं सारीं रोपें वाळतील, किंवा एका रात्रीच्या पावसांत बांध वाहून जाईल. तेव्हां कित्येक म्हणतील, आतां कशाला? अशा वेळीं बासष्ट वर्षांच्या त्या लंगड्या म्हाताऱ्याची आठवण ठेवावी. पूर ओसरल्यावर त्यांनीं देवाशीं भांडण मांडलें नाहीं, व पूर पुनः येणार नाहीं अशी खात्रीहि मागितली नाहीं. त्यांनीं बीं मागविलें. येत्या मृगापूर्वीं आपल्या प्रत्येक मंडळीनें तेवढें तरी करावें.